काकांच्या ३८६ ला दुसरी ड्राइव्ह

१२ जानेवारी २०२५

साताऱ्याहून काकांचं मशीन, म्हणजे नव्वदच्या दशकातला त्यांचा ३८६ संगणक, पुण्याला आणलं. टेबलावर चढवल्यावर पहिलं काम म्हणजे कव्हर काढून आत काय काय आहे ते लिहून काढणं. हात नंतर लावायचा.

एएमडीचा ३८६ डीएक्स-४० प्रोसेसर. आठ मेगाबाइट रॅम, एकेक मेगाबाइटच्या आठ पट्ट्या, तीस पिनी. एएमआयचा बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम. सोळा बिटी आयएसए स्लॉटमध्ये मल्टी आय/ओ कार्ड: हार्ड डिस्क, फ्लॉपी, प्रिंटर आणि दोन सीरियल पोर्ट, सगळं त्या एका कार्डावर. हार्ड डिस्क सीगेटची एसटी३१४४ए, १३० मेगाबाइटची, तिचे सी: आणि डी: असे दोन भाग. डॉस ६.२२, विंडोज ३.१, छपाईची पानं मांडायचं पेजमेकर ५, मराठी फॉन्टचं पॅकेज आणि त्याचं प्रिंटर पोर्टला लागणारं लॉक. लॉक काकूंनी आठवणीनं वेगळ्या डबीत घालून दिलं. त्याच्याशिवाय मराठी अक्षर उमटणार नाही.

काकांनी १९९३ ते २००१ घरातूनच डीटीपी केलं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, वाचनालयाच्या स्मरणिका. मला हव्या आहेत त्या विहिरींच्या नोंदी. काका सायकलवरून तालुका पालथा घालायचे आणि बारवा, विहिरी, तळी बघून लिहून ठेवायचे. कुणी बांधली, किती मोटा चालायच्या, पायऱ्या कुठल्या दिशेनं उतरतात, शिलालेख असेल तर त्याचं वाचन, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं. त्यांच्या वह्या माळ्यावर पावसानं भिजल्या आणि एकमेकींना चिकटून गेल्या. टाइप केलेला मजकूर तेवढा शिल्लक आहे आणि तो या डिस्कवर आहे. दुसरी प्रत कुठेही नाही.

मशीन चालू होतं, सी: उघडतो, डी: उघडतो. डी: वर जेमतेम दोन मेगाबाइट जागा मोकळी. आज एवढंच बघितलं आणि बंद केलं. फिरणाऱ्या ड्राइव्हचं आयुष्य नुसत्या बघण्यात घालवायचं नाही.

१८ जानेवारी

ड्राइव्ह काढून यूएसबी अडॅप्टरला लावली. मोटर फिरली, हेड हलल्याचा आवाज आला, लॅपटॉपवर मात्र काही दिसलं नाही. याची कल्पना होती, तरी खात्री करून घेतलेली बरी.

आजकालचं अडॅप्टर ड्राइव्हकडे सेक्टर मागतं ते सलग क्रमांकानं, शून्यापासून पुढे मोजत. याला एलबीए म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या बऱ्याच ड्राइव्हना ही पद्धत कळत नाही. त्यांना पत्ता तीन भागांत सांगावा लागतो: सिलिंडर कितवा, हेड कितवं, सेक्टर कितवा. या ड्राइव्हचे १००१ सिलिंडर, १५ हेड आणि दर ट्रॅकला १७ सेक्टर. गुणाकार केला की २,५५,२५५ सेक्टर, म्हणजे १३०.७ मेगाबाइट. ही भाषा जुना बायोस बोलतो, अडॅप्टर बोलत नाही. तेव्हा डेटा बाहेर काढायचा तर तो याच मशीनमधून.

वाटा मोजक्या आहेत. फ्लॉपी म्हटलं तर नव्वदच्या आसपास लागतील, आणि आज मिळणाऱ्या जुन्या फ्लॉपींवर माझा भरवसा नाही. सीरियल केबल टाकून डॉसच्या इंटरलिंकनं पाठवता येईल, पण दुसऱ्या टोकालाही तसंच डॉसचं मशीन लागेल. राहिली तिसरी वाट: याच मशीनला दुसरी ड्राइव्ह जोडायची, जी जुन्या बायोसला सीएचएसमध्ये, म्हणजे सिलिंडर-हेड-सेक्टरच्या भाषेत, उत्तर देईल आणि आजच्या लॅपटॉपलाही वाचता येईल. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड नेमकं असं आहे. आयडीईचीच, म्हणजे या हार्ड डिस्कच्या जोडणीचीच, भाषा त्याच्या आत आहे, त्यामुळे चाळीस पिनी केबलला लावायला साधं, जवळपास नुसत्या तारांचं अडॅप्टर पुरतं.

दोघातिघांनी सुचवलं की जुनी ड्राइव्ह काढूनच टाक आणि तिच्या जागी कार्ड बसव. मला ते पटत नाही. विहिरींचा बराच मजकूर पेजमेकर ५ च्या फाइलींत आहे आणि त्या आजच्या इनडिझाइनला उघडता येत नाहीत. पेजमेकर चालायला विंडोज ३.१ हवं, अक्षरं दिसायला फॉन्टचं पॅकेज हवं, पॅकेजला लॉक हवं, आणि हे सगळं या डिस्कवर एकमेकांत गुंतून काकांनी बसवलंय तसंच हवं. म्हणून या कामाचा नियम ठरवला: पहिल्या ड्राइव्हवर एक बाइटसुद्धा लिहायचा नाही, निदान पूर्ण नक्कल हातात येईपर्यंत. दुसरी ड्राइव्ह आली हे पहिलीला कळताही कामा नये.

संध्याकाळी काकांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, डी: ला काही करू नकोस हं. फॉन्टच्या सगळ्या वाटा डी: वरच आहेत." हे महत्त्वाचं निघणार आहे.

१९ जानेवारी

रविवार, म्हणून सकाळी जुना बाजार. तिथे तीन कनेक्टरवाली चाळीस तारांची आयडीई केबल मिळाली. मशीनमधल्या मूळ केबलला दोनच कनेक्टर होते, एक आय/ओ कार्डाकडचा आणि एक ड्राइव्हकडचा. दुसरी ड्राइव्ह म्हणजे तिसरा कनेक्टर आलाच. लांबी मोजून घेतली. आयडीई केबल ४६ सेंटीमीटरपेक्षा मोठी असू नये. बाजारात याहून लांब केबलीही पडलेल्या असतात, त्या तशाच सोडायच्या.

तिथून तपकीर गल्ली. पॉवरचा वाय-कनेक्टर, कॉम्पॅक्टफ्लॅशचं अडॅप्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची जुनी कार्डं, दोन्ही ५१२ मेगाबाइटची. दुकानदार आठ गिगाबाइटचं नवं कार्ड त्याच पैशांत द्यायला तयार होता. घेतलं नाही, कारण या बायोसची मर्यादा. बायोसच्या डिस्क सेवेत सिलिंडरच्या आकड्यासाठी दहा बिट आहेत, म्हणजे १०२४ सिलिंडर. सेक्टरसाठी सहा बिट, म्हणजे ६३. हेडची आयडीईची मर्यादा १६. तिन्हींचा गुणाकार करून ५१२ बाइटनं गुणलं की ५२८ मेगाबाइट. त्यापलीकडची जागा या मशीनला दिसतच नाही. त्यावर तोडगा म्हणून डिस्क मॅनेजरसारखे प्रोग्राम असतात, पण ते ज्या डिस्कवरून मशीन सुरू होतं तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये जाऊन बसतात. इथे ती डिस्क म्हणजे काकांची. नियमात बसत नाही.

५१२ मेगाबाइटचं कार्ड या मर्यादेच्या आत जेमतेम मावतं. त्यातल्या एका कार्डाची भूमिती लॅपटॉपवर काढली: ९९३ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. पूर्ण कार्ड वापरात येईल.

२६ जानेवारी

आज ड्राइव्हकडे वळलेच नाही, मदरबोर्डच्या बॅटरीत दिवस गेला. कीबोर्डच्या सॉकेटजवळ पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. त्या काळातल्या बहुतेक बोर्डांवर हीच दिसते आणि वय झालं की गळते. इथेही खालच्या टोकाला हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमली होती आणि शेजारच्या दोन ट्रॅकचा रंग काळवंडला होता. आणखी एक पावसाळा गेला असता तर ट्रॅक तुटले असते.

बॅटरी कापून काढली. गळलेला द्रव अल्कलीधर्मी असतो, म्हणून कापसाच्या बोळ्यावर पांढरं व्हिनेगर घेऊन आधी तो मारला. फेस यायचा थांबल्यावर पाण्यानं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घेतलं, पंख्याखाली वाळू दिलं. काळवंडलेले दोन्ही ट्रॅक मीटरनं तपासले, दोन्ही जोडलेले आहेत. कीबोर्डच्या सॉकेटच्या पिनांना जरा गंज होता, तोही साफ केला.

नवी बॅटरी बोर्डावर लावणार नाही. बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनी जागा बोर्डावर आहे. तिथे तीन एए सेलचा डबा वायरनं जोडला आणि तो कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर, बोर्डापासून लांब चिकटवला. गळला तर पत्र्यावर गळेल. जुन्या बॅटरीच्या जागी थेट लिथियमचं नाणं कधीही लावू नये. बोर्डावरचं सर्किट तिथल्या बॅटरीला चार्ज करतं आणि लिथियमचं नाणं चार्ज करण्यासाठी नसतं.

बायोसमधली माहिती अर्थातच पुसली गेली. सेटअपमध्ये जाऊन पहिल्या ड्राइव्हला टाइप ४७ दिला, म्हणजे आकडे आपण भरायचे तो प्रकार, आणि १००१, १५, १७ भरले. समोर आकार १२५ मेगाबाइट आला. बायोस १०,४८,५७६ बाइटांचा मेगाबाइट धरतो, म्हणून १३० चे १२५ दिसतात. सी: सुरू झाला. दोन्ही ड्राइव्हचे आकडे कागदावर लिहून तो कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवला. पुढे कधी सेल संपले तर कुणाला शोधाशोध नको.

२ फेब्रुवारी

आज जोडणी.

आधी कार्ड एकट्यानं तपासलं. सीगेट पूर्ण सुटी, कार्ड मास्टर (म्हणजे केबलवरची पहिली ड्राइव्ह; दुसरी ती स्लेव्ह), बायोसमध्ये ९९३, १६, ६३. आकार ४८९ मेगाबाइट दिसला, फ्लॉपीवरून डॉस सुरू झालं, एफडिस्कला, म्हणजे डिस्कचे भाग पाडणाऱ्या डॉसच्या प्रोग्रामला, कार्ड दिसलं. दोन्ही कार्डं याप्रमाणे एकेकटी चालली. केबल, अडॅप्टर आणि कार्ड यांच्यावरचा संशय इथेच फिटला, पुढे काही अडलं तर ते दोघांच्या एकत्र नांदण्यात अडेल.

मग दोन्ही एकत्र: सीगेट मास्टर, कार्ड स्लेव्ह. केबलची लाल कड पहिल्या पिनकडे, आय/ओ कार्डावरही आणि ड्राइव्हवरही. या जुन्या केबलला उलटी बसू नये म्हणून असलेली खाच नाही, तेव्हा लाल कड हाच आधार.

जम्परबद्दल, म्हणजे ड्राइव्हवरच्या दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीबद्दल, थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचं इथेच अडतं. आयडीईच्या एका केबलवर दोन ड्राइव्ह असतात तेव्हा कंट्रोलर दोघांत फारसं लक्ष घालत नाही, त्यांनी आपसांत ठरवायचं असतं. वीज आली की स्लेव्ह ३९ नंबरच्या तारेवर खूण करून सांगते की मी आहे. स्वतःची चाचणी उरकली की ३४ नंबरच्या तारेवर सांगते की मी ठीक आहे. मास्टरनं हे दोन्ही ऐकून मगच पुढे जायचं. आयडीईचं अमेरिकन मानक १९९४ साली प्रसिद्ध झालं. त्याआधीच्या ड्राइव्हमध्ये हे संकेत प्रत्येक कंपनीनं आपापल्या समजुतीनं बसवले होते. म्हणून त्या काळच्या ड्राइव्हवर मास्टर की स्लेव्ह हे ठरवणाऱ्या जम्परखेरीज आणखी एक असतो: तू मास्टर आहेस आणि तुझ्यासोबत स्लेव्हही आहे, हे हातानं सांगणारा. एकटी असताना तो रिकामा ठेवायचा, जोडीत असताना लावायचा. काकांची ड्राइव्ह तीस वर्षं एकटी होती, म्हणून तो रिकामा. सीगेटच्या जुन्या कागदपत्रांतली आकृती छापून समोर ठेवली, टॉर्च आणि चिमटा घेऊन तो लावला.

वीज दिली. पडद्यावर: एचडीडी कंट्रोलर फेल्युअर.

कार्ड काढलं, जोडीचा जम्पर काढला: सीगेट एकटी सुरळीत. पुन्हा जोडी: पुन्हा तोच संदेश. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, थांबले.

८ फेब्रुवारी

दुसऱ्या कंपनीचं कार्ड लावलं. बाकी काही बदललं नाही, तोच जम्पर, तीच केबल, तेच अडॅप्टर. पहिल्या वेळी "डी: ड्राइव्ह एरर" आलं. त्यावर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट केलं, तर दोन्ही ड्राइव्ह दिसल्या!

पहिलं कार्ड मास्टर म्हणून उत्तम, स्लेव्ह म्हणून मुकं. ही कार्डं मुळात कॅमेऱ्यात एकटी राहायला बनवलेली, सगळ्यांच्या आत स्लेव्हचे संकेत नीट बसवलेले असतीलच असं नाही. म्हणून हे काम करणाऱ्यानं दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं आणावीत. पैसे फार जात नाहीत आणि आठवडा वाचतो.

थंड मशीन सुरू करताना चूक आणि गरम मशीनला पुन्हा सुरू करताना बरोबर, हे लक्षण वेळेचं असतं. कार्ड वीज मिळताच तयार. सीगेटला तबकड्या पूर्ण वेगात आणायला काही सेकंद लागतात. बायोस मधल्याच वेळात विचारायला येतो आणि गोंधळ होतो. काकांना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "आम्ही सकाळी मशीन लावायचो आणि पूजेला बसायचो. उठलो की पुन्हा चालू करून कामाला. तिला जरा वेळ लागतोच."

वेळ देण्याचा उपाय बायोसमध्येच सापडला. एक मेगाबाइटच्या वरची रॅम तपासायची की नाही हा पर्याय बंद होता, तो चालू केला. आता आठही मेगाबाइट मोजून होईपर्यंत टिकटिक चालते आणि तेवढ्यात ड्राइव्ह तयार होते. एस्केप दाबून मोजणी उडवायची नाही, बस. रात्री मशीन बंद ठेवून सकाळी थंड असताना पुन्हा लावून बघितलं. दोन्ही ड्राइव्ह आल्या.

९ फेब्रुवारी

फ्लॉपीवरून डॉस सुरू केलं आणि डी: ची यादी मागवली. काकांच्या फॉन्टच्या फोल्डरऐवजी एकच नाव आलं: डीसीआयएम. हे कॅमेऱ्याचं फोल्डर, आत रिकामं. म्हणजे डी: आता कार्ड झालं होतं आणि काकांचा डी: सरकून ई: झाला होता.

डिस्कचा मुख्य भाग तो प्रायमरी; उरलेल्या जागेचा एक्स्टेंडेड भाग करून त्यात जे भाग पाडतात ते लॉजिकल. डॉस अक्षरं वाटतं ती डिस्कच्या क्रमानं नव्हे. आधी पहिल्या डिस्कचा प्रायमरी भाग घेतो, तो सी:. मग दुसऱ्या डिस्कचा प्रायमरी भाग, तो डी:. त्यानंतर पहिल्या डिस्कचे लॉजिकल भाग आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्या डिस्कचे लॉजिकल. काकांचा डी: हा लॉजिकल भाग आहे. कार्ड कारखान्यातून एका प्रायमरी भागासकट येतं आणि रांगेत त्याच्या पुढे उभं राहतं.

काकांनी फॉन्टच्या वाटांबद्दल सांगितलं होतं ते हेच. विंडोज ३.१ मध्ये प्रत्येक ट्रूटाइप फॉन्टसाठी एफओटी नावाची छोटी फाइल असते आणि तिच्या आत मूळ फॉन्टचा पूर्ण पत्ता, ड्राइव्हच्या अक्षरासकट, लिहिलेला असतो. डी: चा ई: झाला की एकही मराठी फॉन्ट सापडणार नाही. पेजमेकर बिनतक्रार दुसरा फॉन्ट घालून फाइल उघडेल आणि सगळ्या ओळी विस्कटतील. अशा अवस्थेत कुणी फाइल सेव्ह केली तर मग विचारूच नका. म्हणूनच आतापर्यंत सी: वरून एकदाही सुरू केलं नाही, सगळं फ्लॉपीवरून.

उपाय सोपा आहे, आणि जुन्या मशीनला दुसरी ड्राइव्ह लावणाऱ्या प्रत्येकानं करावा असा: दुसऱ्या डिस्कवर प्रायमरी भाग ठेवायचाच नाही. एफडिस्कच्या मेनूत दोन डिस्क असतील तरच पाचवा पर्याय दिसतो, चालू डिस्क बदलण्याचा. तो घेऊन दोन नंबरच्या डिस्कवर गेले. इथे दर वेळी वरची ओळ वाचायची, सध्या कितवी डिस्क आहे ते. आकार ४८९ दिसला की पुढे. प्रायमरी भाग काढला, पूर्ण कार्डाचा एक एक्स्टेंडेड भाग केला, त्यात दोन लॉजिकल, साधारण निम्मे निम्मे.

दोन का, तर क्लस्टरच्या, म्हणजे फाइलीला मिळणाऱ्या जागेच्या लहानात लहान तुकड्याच्या, हिशोबासाठी. २५६ मेगाबाइटच्या वर फॅट१६ (डॉसची फाइली मांडायची पद्धत) आठ किलोबाइटचा क्लस्टर धरतं. २५५ पर्यंत चार. काकांच्या हजारो फाइली एकदोन किलोबाइटच्या आहेत, पत्रिकेचा एक मजकूर तो केवढा. आठच्या क्लस्टरमध्ये प्रत्येक फाइलमागे सहा-सात किलोबाइट वाया जातात.

पुन्हा सुरू केलं. सी: काकांचा, डी: काकांचा, ई: आणि एफ: कार्डाचे. दोन्ही फॉरमॅट केले. डी: ची यादी पुन्हा मागवली आणि फॉन्टचं फोल्डर जागेवर बघून फार बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी

नक्कल. फ्लॉपीवरूनच सुरू करून एक्सकॉपीनं फोल्डरमागून फोल्डर ई: वर. संपूर्ण डी: एका आज्ञेत देता येतो, पण ६.२२ च्या एक्सकॉपीला चूक आली तर ती फाइल सोडून पुढे जा असं सांगता येत नाही, तो तिथेच थांबतो. फोल्डर वेगळे ठेवले की थांबलं तरी कुठे ते कळतं. लपवलेल्या फाइली एक्सकॉपी उचलत नाही. त्यांची यादी डिर /ए:एच /एस नं काढली. डॉसच्या स्वतःच्या आणि विंडोजच्या स्वॅप फाइलीखेरीज विशेष काही नव्हतं.

अपेक्षेपेक्षा शांतपणे झालं. विहिरींचं फोल्डर मुद्दाम सगळ्यात आधी घेतलं होतं, ते अडथळ्याविना उतरलं. एका स्मरणिकेच्या फोल्डरमध्ये मात्र "डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह डी" आलं आणि खाली अबॉर्ट, रिट्राय, फेल. रिट्राय दाबत राहिले. प्रत्येक वेळी हेड मागे जाऊन परत यायचं, टक्-टर्र-टक् असा आवाज. पुष्कळ वेळा दाबल्यावर एकदा तो सेक्टर वाचला गेला आणि पुढची नावं सरसर वर गेली. अशा वेळी फेल दाबायची घाई करू नये, ड्राइव्हला दर वेळी हेड जरा वेगळ्या ठिकाणी थांबवायची संधी मिळते. दुसरी एक फाइल, कुणाच्या तरी फोटोचं स्कॅन, काही केल्या आली नाही. तिचं नाव टिपून ठेवलं.

नंतर एफसी /बी नं विहिरींच्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल दोन्ही ड्राइव्हवर बाइटला बाइट ताडून बघितली. फरक नाही.

कार्ड काढून लॅपटॉपच्या कार्ड रीडरमध्ये. लिनक्सला दोन्ही भाग दिसले, पाच आणि सहा क्रमांकाचे, कारण लॉजिकल भागांची मोजणी पाचपासून सुरू होते. आधी पूर्ण कार्डाची इमेज घेतली, तिच्या दोन प्रती केल्या, एक बहिणीकडे पाठवली. मग फाइली उघडल्या.

१६ फेब्रुवारी

साध्या मजकुराच्या फाइलींत, अपेक्षेप्रमाणे, टोप्या आणि शेपट्या लावलेली रोमन अक्षरं. युनिकोड येण्याआधीच्या मराठी फॉन्टांत अक्षराला स्वतःचा क्रमांक नव्हता. रोमन अक्षराच्या क्रमांकावर काना, वेलांटी, अर्धा स यांची चित्रं बसवलेली असायची. फॉन्ट काढला की चित्र गेलं, मागे क्रमांक उरला. देवनागरीसाठी १९९१ पासून इस्की हे भारतीय मानक होतं, पण डीटीपीच्या फाइलींत प्रत्येक पॅकेजचा आपला क्रम.

पेजमेकरमधला मजकूर काढायला आता सी: वरून विंडोज सुरू करायला हरकत नाही, नक्कल सुरक्षित आहे. तरी विन लिहिण्याआधी प्रॉम्प्टवरच टेम्पची वाट ई: कडे वळवली, म्हणजे तात्पुरत्या फाइली जुन्या ड्राइव्हवर पडणार नाहीत आणि ऑटोएक्झेकलाही हात लावावा लागणार नाही. लॉक प्रिंटर पोर्टला लावलं. विहिरींची पहिली फाइल उघडली आणि पडद्यावर ठसठशीत मराठी आलं, दोन स्तंभांत, काकांनी आखलेल्या चौकटींसकट. एकेक प्रकरण निवडून टेक्स्ट म्हणून एक्स्पोर्ट, थेट एफ: वर. दुसरी ड्राइव्ह नसती तर हे ठेवायलाही जागा नव्हती.

२३ फेब्रुवारी

आठवडाभर संध्याकाळी रूपांतराचा प्रोग्राम लिहीत होते, पायथनमध्ये. क्रमांकाला अक्षर लावणं हा सोपा भाग. अवघड आहे तो क्रम. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर. रफार उलटा: फॉन्टात तो अक्षर आणि त्याची मात्रा झाल्यावर शेवटी येतो, युनिकोडमध्ये र् आधी. "कीर्ती" शब्दात रफार दुसऱ्या वेलांटीच्याही पलीकडे टाइप केलेला असतो, तो उचलून त च्या आधी आणावा लागतो. आणि मग "साताऱ्याच्या". हा शब्द तर दर पानावर. ऱ्य मधला आडवा र वेगळं चित्र म्हणून एका वेगळ्याच क्रमांकावर बसलेला. तो रफार समजून हलवला तर "सातार्याच्या" होतं. त्याच्यासाठी स्वतंत्र नियम केला.

तपासायला साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या विहिरीचं पान घेतलं, कारण तिथला शिलालेख प्रसिद्ध आहे. वीरूबाई भोसले हे नाव आणि शके १६४१ ते १६४६ हा काळ. रूपांतरातून नाव बरोबर आलं, आकडे बरोबर आले, जोडाक्षरं दोन ठिकाणी सोडून बरोबर. ती दोन्ही सुधारली.

काका आज पुण्यात होते. त्यांना छापील पानं दिली आणि पेन दिलं. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचलं. एका विहिरीपाशी थांबून म्हणाले, "ही आता नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा बुजवली. नोंद राहू दे, खाली तसं लिही." लिहिलं.

सीगेट जागेवरच ठेवायची, काढायची नाही, हे दोघांनाही पटलं. कार्ड ई: आणि एफ: म्हणून कायमचं आत राहील. पुढच्या रविवारी मशीन साताऱ्याला परत जाईल. तोवर राहिलेली प्रकरणं एक्स्पोर्ट करायची आहेत. नागठाण्याच्या बाजूची गावं आणि परळी खोरं बाकी आहे. न वाचलेल्या त्या एका स्कॅनसाठी थंडीत सकाळी लवकर पुन्हा एकदा रिट्राय करून बघणार आहे.